दोन गडवे

माझी सासू जाईबाई दोन्ही हातांनी कापूस वेचायची. आम्ही बाकीच्या बाया एका हातानं फांदी धरायचो आणि दुसऱ्यानं बोंडातला कापूस ओढायचो. ती फांदीला हातच लावत नसे. दोन हात दोन बोंडांवर, डोळे तिसऱ्यावर आणि तोंड आमच्यावर. "इंदू, तुह्या तासातले बोंडं रडून राहिले पाह्य! माह्या लेकानं बायको आनली का बाहुली?" असं म्हणत ती तिच्या ओळीतून पुढं निघून जायची. आमची कंबरेची ओटी अर्धी भरेपर्यंत तिची फुगून पोटाशी आलेली असायची. मी मागं राहून हसायचे, मनातून चिडायचेही. माझं लग्न होऊन सहाच महिने झाले होते. वय सतरा. चौथी पास होते म्हणून सासरी आल्याआल्या बायांनी माझं नाव 'मास्तरीण' पाडलं होतं.

पुढं मी खरंच मास्तरीण झाले, पेन्शनीतही निघाले. पण चांगले दिवस कोणते, असं कोणी विचारलं तर मला शाळा आठवत नाही. सत्तावन्न सालच्या कार्तिकातल्या सकाळी आठवतात. पऱ्हाटीवर दव, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडेला पडलेले ओरखडे आणि दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून खाल्लेली ज्वारीची भाकर नि आंबाडीची भाजी. ती चव पुन्हा कशालाच आली नाही. माझ्या हातून आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणाही त्याच दिवसांत झाला. त्यामुळं एक आठवायला बसलं की दुसरं आपोआप येतं.

गाव दर्यापूरपासून तीन कोस. वर काळीभोर माती आणि तिच्या पोटात खारं पाणी, म्हणून आमच्या सगळ्या मुलखालाच खारपाण म्हणतात. आमच्या वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे आणि उन्हात प्यालं तर तहान उलट वाढे. गोड्या पाण्याची विहीर एकच, नाल्याकाठी. तिथं आमच्या बायांनी खाली घागर ठेवून उभं राहायचं. वर पाणी ओढणाऱ्या बाईच्या मनात आलं तर ती ओतेल, नाहीतर ऊन डोक्यावर येईल.

वावरातही तीच रीत. मालकाच्या बंडीतून गोड्या पाण्याचा माठ येई. तहान लागली की बाईनं उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाशी धरायची, आणि सालदारानं वरून धार सोडायची. धार कधी नाकात जाई, कधी पोलक्यात. मधेच हात आवरून तो विचारी, "झालं का वं?" तोंडात पाणी असलेल्या बाईनं काय बोलावं? माझी आई असंच पाणी प्याली, आजी असंच प्याली, माहेरी मीही असंच प्याले. वेचणीला गेलं की पाणी असंच प्यायचं असतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यात काही अपमान आहे हे मला सासरी येईपर्यंत कळलं नव्हतं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

सासू मात्र छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आली होती. धर्म बदलून आल्यावर घरातले देव तिनं पूर्णेत सोडले. जानराव, म्हणजे माझे सासरे, काठावर उभे राहून म्हणाले होते, "हळू सोड वं, लागन त्यायले." ही गोष्ट सांगताना सासू पदरात तोंड घालून हसायची. मग गंभीर होऊन म्हणायची, "देव सोडनं सोपं गेलं. घरातलेच होते ते. ओंजळ काही सुटे ना."

शेवटी सुटली ती गडव्यामुळं. दर्यापूरच्या बाजारात अकोल्याचा एक कासार भांड्यांची रास मांडून बसायचा. त्याच्याकडून सासूनं पितळेचा रुंद तोंडाचा गडवा, मोठा तांब्याच, आणला आणि सत्तावन्नच्या निंदणीच्या तोंडावर महादेवराव पाटलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्याची सगळी निंदण-वेचणी आमच्या वस्तीच्या बाया करत आणि सासू त्यांची म्होरकी.

"पाटील, बाया येतीन. बावीसच्या बावीस येतीन. पन आता ओंजळीनं पानी पिनार नाई. आमचा गडवा राहीन. त्यात टाकत जा."

महादेवराव वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. त्यानं आभाळाकडं पाहिलं, वावरात माजलेलं तण आठवलं असेल, आणि म्हणाला, "ठेवजा तुमचा गडवा. बाभळीले टांगून ठेवजा. आमच्या भांड्यात मिसळू देजा नोको."

"नाई मिसळत," सासू म्हणाली.

धार वरूनच पडायची, पण आता गडव्यात पडायची, आणि आम्ही पाणी उभ्यानं प्यायचो. उभं राहून, मान वर करून! पहिल्या दिवशी शकुन नुसतीच तीनदा पाणी प्याली. शकुन आमच्या शेजारची, अंगावर पिणारं लेकरू असलेली, सदा खिदळणारी. "तहान नाई वं लागली, उभ्यानं प्यायची हौस हाय," म्हणाली.

खाऱ्या पाण्यानं पितळेवर पांढरे डाग पडतात. म्हणून रोज संध्याकाळी मी तो गडवा राखेनं आणि चिंचेनं घासायचे. सासूचा तसा हुकूमच होता. "आरशावानी दिसला पायजे. त्यायच्या गडव्याहून उजवा." श्रावणापासून कार्तिकापर्यंत घासून घासून त्याचं वजन, त्याचा काठ, त्याचं पोट माझ्या हाताला पाठ झालं होतं.

वेचणीचा पहिला दिवस उजाडला. त्या दिवशी आधी सीतादही असतं. मालकीण वावरात पाच गोटे मांडते, त्यांना हळदकुंकू लावते, पऱ्हाटीला कापसाचा धागा गुंडाळते, दहीभात चारी दिशांना शिंपडते आणि मग वेचणीला हात लागतो. महादेवरावाची बायको वच्छलाबाई पूजा करत होती. हडकुळी, पस्तिशीची, बोलणं फार कमी. तिच्या मागं उभी राहून तिची सासू सुभद्रामाय सांगत होती: इकडं टाक, तिकडं टाक, हात नीट धुतले का. सुभद्रामाय विधवा, सोवळ्याची, सत्तरीला आलेली, आणि पूजा होईपर्यंत निरंकार उपाशी.

दरवर्षी तो दहीभात शेवटी आमच्या पदरात वरून टाकत. त्या वर्षी सासूनं वाटेतच बजावलं होतं, पदर पसरायचा नाही. आम्ही हात खाली सोडून उभ्या राहिलो. सुभद्रामायला ते लागलं.

"आता दह्यालेबी इटाळ झाला का वं तुमाले?"

"नाई माय. पूजेचं आमी आता घेत नाई, यवढंच," सासू म्हणाली.

म्हातारी पुटपुटत बंडीच्या सावलीत जाऊन बसली. ऊन चढलं होतं. "नत्थू, पानी दे रे," तिनं हाक मारली.

नत्थुजी त्यांचा सालदार, कुणब्याचाच, पण गरीब. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बाभळीला गडवा टांगायची आमची सुतळी त्या सकाळीच तुटली होती, म्हणून शकुननं पाणी पिऊन गडवा धुऱ्यावर, बंडीच्या चाकाजवळ ठेवला होता. वच्छलाबाईचा गडवा माठाजवळ होता. दोन्ही एकाच कासाराचे, एकाच घडणीचे. डोळ्यांना दिसेल असा फरक एवढाच की त्यांचा रोजच्या वापरानं काळवंडलेला आणि आमचा लखलखीत. नत्थुजीनं दोन्हीकडं बारीक डोळे करून पाहिलं. त्याच्या हिशेबानं चकचकीत असेल तो मालकिणीचाच असणार. त्यानं आमचा उचलला, माठातून भरला आणि म्हातारीच्या हातात दिला.

म्हातारीनं तोंड लावलं आणि घटाघटा प्याली. उपाशी पोटी, भर उन्हात. अर्ध्याच्या वर पिऊन तिनं तोंड पुसलं नि म्हणाली, "गोड हाय पानी. माठ नवा आनला का वच्छला?"

आणि मी ओरडले, "अवो माय, तो आमचा गडवा होय!"

का ओरडले? आजवर शंभरदा स्वतःला विचारलं आहे. पाटलाचं भांडं वेगळं नि आमचं वेगळं, ते मिसळू द्यायचं नाही, असा शब्द सासूनं दिला होता. तो मोडला म्हणून मी घाबरले. पहारा त्यांच्या नियमाचा होता आणि पहारेकरीण मी झाले होते.

म्हातारीचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिनं गडवा भिरकावला, तो चाकाला लागून खाली गेला. घाबरलेल्या नत्थुजीचा पाय दुसऱ्याला लागला, तोही धुऱ्यावरून घरंगळला. खाली माठाच्या सांडपाण्याचा काळा चिखल झाला होता, त्यात दोन्ही जाऊन पडले. म्हातारीनं दोन बोटं घशात घातली. पोटात अन्नाचा कण नव्हता, पाणीच होतं, ते सगळं आलं. मग नुसतं पिवळं आलं. हातपाय टेकून ती धुऱ्यावर ओणवी झाली होती, पाठ भात्यासारखी वरखाली होत होती, आणि वच्छलाबाई तिचं कपाळ धरून बसली होती. मला त्या म्हातारीची दया आली, खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी कळलं की ती जे बाहेर काढायला बघते आहे ते पाणी नाही. ते आम्ही आहोत. एका क्षणापूर्वी ते गोड लागलं होतं.

महादेवराव वावराच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आला. म्हातारी धापा टाकत म्हणाली, "तो गडवा चेपून नाल्यात फेका. अन् या बायायले आजपासून ओंजळीनं पाजा. नाई तं वावरात पाय ठेवू देऊ नोका."

"नत्थू, फेक तो गडवा," महादेवराव म्हणाला.

नत्थुजी खाली उतरला, वाकला, आणि तसाच राहिला. "कोनता, मालक?"

दोन्ही चिखलानं माखलेले, एकमेकांना टेकून पडलेले.

"ज्याले इटाळ झाला तो!"

"मालक, इटाळ मले दिसत नाई. माह्ये डोये..."

"त्याचे डोये गेले, पाटील. तुमचे तं हायेत," सासू शांतपणे म्हणाली. "तुमी पाह्या."

महादेवराव धुऱ्याच्या कडेला आला. वाकून पाहिलं. हात मात्र लावला नाही, कारण चुकून आमच्यालाच लागला तर? मग वर येऊन तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "जाईबाई, काहून वाढवतं? माह्या मायची माफी माग अन् ओंजळीनं पेत जा. इथंच मिटलं."

"माफी मांगतो. माह्या सुनेनं खरं सांगतलं, त्याची माफी मांगतो," सासू म्हणाली. "ओंजळ नाई धरत."

तिनं कंबरेची रिकामी ओटी सोडली, घडी करून खांद्यावर टाकली आणि चालू लागली. तिच्या मागं एकवीस जणी. सगळ्यांच्या शेवटी मी, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पूर्णेच्या पलीकडं किसनरावाच्या वावरात जाऊ लागलो. जाऊन येऊन चार कोस. तांबडं फुटायच्या आत निघायचं, नदीच्या गार पाण्यातून लुगडं वर खोचून जायचं, तिथं पोचेपर्यंत मांड्यांना कापरं भरलेलं असे. तिथला मालक पाणीच देत नसे, ओंजळीनंही नाही. आम्ही घरून खाऱ्या पाण्याचं मडकं डोक्यावर न्यायचो. दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटे, ओठ फाटत आणि त्यांना खारं पाणी लागलं की झोंबे. सासू तशातही चेष्टा सोडत नसे. "घ्या वं, मीठ वेगळं टाका लागत नाई भाजीत!" पण तिचेही दोन हात मंदावले होते. तिसऱ्या दिवशी प्रथमच मी तिला एका हातानं फांदी धरताना पाहिलं.

जातायेता वाट महादेवरावाच्या धुऱ्यावरूनच जाई. ते दोन गडवे चिखलात तसेच पडलेले असत. आमच्या गावात धुऱ्यावर विसरलेलं दावंसुद्धा सकाळपर्यंत टिकत नसे, आणि इथं पितळेची दोन भांडी उघड्यावर होती. चोरांनासुद्धा विटाळाची भीती! मी सासूला म्हटलं, "आपला उचलून आनतो ना मी. कोन पाह्यते?"

"माह्या गडव्यासाठी मी चोरटी होऊ?" ती म्हणाली. "राहू दे तठीच. ज्यानं फेकाले लावला त्यानंच देला पायजे."

घरी सासरे तोंड सोडत. त्यांना दमा होता. दोन शब्द बोलायचे, चार श्वास घ्यायचे, पण थांबायचे नाहीत. "तीस वर्सं गावाची चाकरी केली मी. जान्या म्हने, तं जान्या. काही झडलं का माह्यं? एका गडव्यापायी बावीस घरायले उपाशी मारतं का?" सासू भाकर थापत राही. माझा नवरा देवीदास दर्यापूरला कापसाच्या जिनात कामाला होता, आठवड्यातून एकदा येई. तो बापाशी भांडे आणि परत निघून जाई. भांडण आम्हाला पुरे.

चौथ्या दिवशी परतताना शकुन नदीकाठी बसली ती उठेना. लेकरू छातीशी ओढत होतं आणि दूध येत नव्हतं. "जाईमाय, मी जातो उद्या पाटलाच्या वावरात. ओंजळ तं ओंजळ. पानी पोटातच जाते नं?"

मला वाटलं सासू आता फाडून खाणार. ती तिच्याजवळ बसली. लेकरू स्वतःच्या मांडीवर घेतलं. "जाय," म्हणाली. "मी रागावत नाई. पन एक कर. लेकरू संग नेजो नोको. त्यानं पाह्यलं का तेई शिकते."

शकुन रडली, उठली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबरच आली.

शकुन नदीकाठी बसली त्याच संध्याकाळी मी चुलीपुढं सासूजवळ मन मोकळं केलं. "माह्याच तोंडानं झालं हे सारं. मी बोलली नसती तं बुढी पानी पिऊन घरी गेली असती."

"हाव, गेली असती," ती म्हणाली. माझी समजूत काढायची म्हणून ती काही खोटं बोलली नाही. जाळ पुढं सारून मग म्हणाली, "पन आयकलं नं तू? गोड हाय म्हने. तू बोलेपर्यंत गोडच होतं. म्हनजे इटाळ ना पान्यात, ना गडव्यात. तुह्या बोलन्यात होता. आता यवढंसं त्याचं घर हाय हे तं समजलं आपल्याले."

पाचव्या दिवशी दुपारून आभाळ भरून आलं. कार्तिकातलं आभाळ म्हणजे उमललेल्या कापसाचा काळ. भिजला की पिवळा पडतो, बोंडातच सडतो. आम्ही लवकर परतलो तेव्हा नत्थुजी वस्तीच्या तोंडाशी उभा होता.

"जाईबाई, मालकानं बलावलं. सारा कापूस फुटून लोंबून राहिला. दुसऱ्या बाया भेटत नाईत."

"गडवा?"

"गडवा घ्या म्हनते तुमचा. ओंजळीचं नाव नाई काढत."

"बुढी काय म्हनते?"

"बुढी वावरातच हाय. आपला कोनता ते पाह्यल्याशिवाय हालत नाई म्हनते."

भाकरीही न खाता आम्ही तशाच गेलो. सुभद्रामाय बंडीत बसली होती, तोंड उतरलेलं. महादेवराव एकदा आभाळाकडं पाही, एकदा चिखलात पडलेल्या गडव्यांकडं. पाच दिवसांच्या दवानं आणि मातीनं दोन्ही सारखेच काळपट झाले होते.

"घे जाईबाई, तुझा कोनता तो," तो म्हणाला.

सासू हलली नाही. "मी हात लावीन तं तुमचाबी बाटला म्हनसान. तुमीच काढून द्या."

कोणी पुढं होईना. तेव्हा वच्छलाबाई लुगडं खोचून खाली उतरली. "मी घासतो दोन्ही. मंग डोक्यावरून पानी घेईन," एवढंच ती म्हणाली. तिनं बरोबर आणलेली राख नि चिंच काढली आणि उकिडवी बसून घासायला लागली. गार वारा सुटला होता, आम्ही बावीस जणी धुऱ्यावर, ती खाली एकटी. दोन्ही लख्ख झाले. तिनं एक हातात घेतला, जरासा झेलल्यासारखा वरखाली केला, ठेवला. दुसरा घेतला, तसाच झेलला. मग पहिला उचलून बंडीतल्या सुभद्रामायपुढं धरला.

"हा आपला, आत्याबाई."

"कशावरून?"

"बाईले आपलं भांडं हाती घेतलं का समजते."

म्हातारीचा सुनेवर भरवसा नव्हता. तिनं आमच्याकडं पाहिलं. ज्या बाईच्या भांड्यातलं पाणी तिनं घशात बोटं घालून काढलं होतं, तिलाच ती विचारत होती, "जाई, तू सांग. खरं सांगजो. हा आमचाच नं?"

सासू खाली उतरली. उरलेला गडवा तिनं उचलला, हातावर तोलला. वच्छलाबाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वास होईल एवढंच.

"हाव माय. तुमचाच होय," सासू म्हणाली.

"चुलीत लाल करून घेजो मंग," म्हातारी सुनेला म्हणाली, आणि बंडी निघाली.

आम्ही ओट्या बांधल्या आणि अंधार पडेपर्यंत वेचलं. तसली वेचणी मी पुन्हा पाहिली नाही. नुसता बोंडं सुटल्याचा आवाज. सासूचे दोन्ही हात सुटले होते. नत्थुजीनं पाणी आणलं, वरून धार सोडली, मी उभ्यानं गडवा तोंडाला लावला आणि तिथंच थांबले. काठ जाड होता. पोट जड होतं. चार महिने मी ज्याला घासलं तो हा नव्हताच.

या वेळेला मी ओरडले नाही. घरी निघाल्यावर, बाया पुढं गेल्यावर म्हटलं, "आत्या, हा आपला नाई."

"मले समजते."

"मंग तुमी खोटं बोलल्या?"

"मी एकटी नाई बोलली," सासू म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "दोन्ही झेलून पाह्यले तिनं. आपला नेला उचलून, जानूनबुजून."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. "यवढं समजते तं बोलत कावून नाई ती? साऱ्यायसमोर सांगा नं, इटाळ गिटाळ काई नसते म्हनून! गुपचूप चांगलं होऊन काय फायदा?"

सासू म्हणाली, "सासूसमोर तिची बी ओंजळच हाय, इंदू. वरून पडन तेवढंच तिचं. आपुन बावीस जनी होतो. ते एकटी हाय."

मला ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. त्या घरात वच्छलाबाई एकटी होती हे खरं. पण एकटीला खरं बोलायची किंमत मोजावी लागते आणि आम्हाला खोटं बोलून आमची जागा मिळवावी लागते, हा कुठला न्याय?

त्यानंतर सहा वर्षं गेली. शेवटच्या दोन वेचण्यांना मी नव्हते. देवीदासनं मला सातवीला बसवून पुढं अमरावतीला मास्तरकीच्या ट्रेनिंगला घातलं होतं. त्रेसष्टच्या दिवाळीला मी सुट्टीत घरी आले असताना एका सकाळी नत्थुजी काठी टेकत वस्तीत आला. डोळे जवळजवळ गेलेच होते. पूर्वी मयतीचा सांगावा घेऊन माझे सासरे गावोगाव पळत. त्यांनी ते सोडल्यापासून हे काम नत्थुजीच्या गळ्यात आलं होतं.

"सुभद्रामाय गेली," तो म्हणाला. "पहाटी. काई दुखलं नाई, खुपलं नाई. वच्छलाबाईनं पानी पाजलं शेवटचं. दोन घोट पेली अन् मान टाकली."

"कशानं पाजलं?" सासूनं विचारलं.

"तिच्याच गडव्यानं. दुसऱ्या कशानं पेतच नव्हती ते. तुमचा हाय नं, तसाच तो."

नत्थुजी पुढच्या घराकडं गेला. मी चडफडत होते. शहरात राहून माझी जीभ आणखीच धारदार झाली होती. वाटलं, आत्ता पाटलाच्या अंगणात जावं आणि साऱ्या गावाला ओरडून सांगावं, सहा वर्षं ती कोणाच्या भांड्यानं पाणी प्याली, आणि पाहा, पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत जगली, ठणठणीत! तोंडातून शब्द निघणार, तेवढ्यात सासू उठली. पेटीतून धुतलेलं पांढरं लुगडं काढलं.

"इंदू, चाल. बुढीले पाहून येऊ."

सासरे खाटेवरून उठून बसले. आमच्या माणसानं मयतीला जायचं ते सरणाची लाकडं वाहायलाच, हा गावाचा जुना कायदा त्यांच्या अंगात मुरलेला. "लाकडं वाहाले लावतीन तुले," ते धापा टाकत म्हणाले. "सोडलं नं आपुन ते? मंग कशाले जातं?"

"लाकडं नाई वाहात मी," सासू पदर नीट करत म्हणाली. "पाह्यले जातो. सहा वर्सं माह्या गडव्यानं पानी पेली ते. पाहुनी होय माही."